काशीला निघालात? बॅग भरण्याआधी हे वाचा. औषध आणि डबा कुलपात ठेवू नका

उन्हाळ कांद्याची लागवड आटोपली, गव्हाला पाणी देऊन झालं की आपल्या येवला, नांदगाव, चांदवड पट्ट्यात यात्रेची बोलणी सुरू होतात. भजनी मंडळातली पंधरा-वीस माणसं मिळून तिकिटं काढतात आणि काशी, प्रयाग, अयोध्या करून आठ-दहा दिवसांत परत येतात. महानगरी, कामायनी यांसारख्या गाड्या मनमाडवरूनच जातात, त्यामुळे आपल्याला सोयीचंही पडतं. कोणती गाडी, कोणती धर्मशाळा, रानात पाणी कोण भरणार, यावर महिनाभर चर्चा होते. बॅग मात्र आदल्या रात्री भरली जाते. सगळा घोळ तिथंच होतो.

तीन वर्षांपूर्वी हा घोळ माझ्याच हातून झाला. म्हणून हे लिहितोय.

आईला घेऊन आम्ही घरची पाच जणं निघालो होतो. आईला साखरेचा आणि बीपीचा त्रास आहे. गोळ्यांची डबी तिच्या बटव्यात होती, तेवढी काळजी घेतली होती. खाण्याचं सगळं मात्र मोठ्या बॅगेत ठेवलं. दशम्या, चटणी, लाडू, चिवडा, चार दिवस पुरेल एवढं. मी म्हटलं, "आई, एवढं कशाला?" ती म्हणाली, "राहू दे रे, परमुलखात कुठं मिळंल?" बॅग बर्थखाली सरकवली, साखळी लावली, कुलूप घातलं. किल्ली चुलतभावाकडं. त्याला जागा मिळाली होती चार डबे पुढं.

रात्री धुक्यानं गाडी आडरानात थांबली. साडेसातला आईनं सवयीप्रमाणे साखरेची गोळी घेतली आणि म्हणाली, "आता डबा काढ." मी किल्ली आणायला निघालो. मधल्या डब्यांत माणसं वाटेतच बसलेली, पाय ठेवायला जागा नाही. जायला-यायला पाऊण तास लागला. परत आलो तर एवढ्या थंडीत आईला दरदरून घाम फुटलेला, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. समोरच्या बर्थवर सतनाकडच्या एक बाई होत्या. त्यांनी मला काही न विचारता आईला गूळ खायला घातला आणि थर्मासातला गोड चहा पाजला. दहा-पंधरा मिनिटांत आई माणसात आली. आमच्याकडं चार दिवसांचं खाणं होतं, आईच्या बर्थखालीच होतं, पण कुलपात होतं.

परत आल्यावर गावातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजायची किंवा गूळ द्यायचा, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, मदत बोलवायची. रेल्वेत असाल तर 139 हा मदतीचा नंबर आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात बॅग भरायची पद्धत बदलली. पूर्वी आम्ही "काय काय लागेल" असं विचारून भरायचो. आता "कधी लागेल" असं विचारतो. एवढा एकच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारला की बॅग आपोआप नीट भरली जाते आणि हलकीही होते.

आधी खाटेवर मांडा

निघायच्या दोन दिवस आधी न्यायचं सगळं सामान खाटेवर किंवा सतरंजीवर मांडा. थेट बॅगेत टाकत गेलं की किती झालं ते कळत नाही. मांडून पाहिलं की दिसतं, तीन कंगवे झालेत, दोन टॉर्च झाल्यात, पाच माणसांत पाच तेलाच्या बाटल्या आहेत.

जे पाच जणांत एक चालतं ते एकच घ्यायचं: तेल, टूथपेस्ट, कपड्याचा साबण, सुई-दोरा, नेलकटर, टॉर्च, चार्जर. कोण काय घेणार ते एका कागदावर लिहून काढा.

मग वजन करा. आपल्याकडं प्रत्येक वस्तीवर वजनकाटा असतोच. आम्ही बॅग काट्याला लावली तेव्हा आईची चार सुती लुगडीच दोन किलोच्या वर भरली. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या तिकिटावर माणशी 40 किलो, तर जनरलच्या तिकिटावर 35 किलो सामान फुकट नेता येतं. पण या आकड्यावर जाऊ नका. रेल्वे 40 किलो नेऊ देते म्हणून साठीच्या बाईला ते उचलत नाही. मनमाडला गाडी काही मिनिटंच थांबते, आणि तेवढ्यात पंधरा माणसं आणि त्यांचं सामान चढायचं असतं. आमच्या घरचा हिशोब असा: म्हाताऱ्या माणसाची बॅग सहा-सात किलो, धडधाकट माणसाची दहा-बारा किलो. त्याच्या वर गेलं की काहीतरी घरी राहतं.

सामानाच्या तीन वाटण्या

मांडलेल्या सामानाच्या तीन वाटण्या करा.

पहिली, अंगावर राहणारी. यात आधार कार्ड, थोडे पैसे, फोन आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, सोबतच्या दोन माणसांचे मोबाईल नंबर आणि कोणता आजार, कोणती गोळी चालू आहे ते लिहा. चिठ्ठी देवनागरीत लिहिली तरी चालते, तिकडची हिंदीही याच लिपीत असते, कुणीही वाचेल. प्रयागला माघ मेळ्याच्या गर्दीत माणूस चुकायला वेळ लागत नाही आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना नंबर पाठ नसतात. बायकांनी चिठ्ठी बटव्यात, पुरुषांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवावी. पैसे एका जागी ठेवू नका. थोडे अंगावर, थोडे हातातल्या पिशवीत, थोडे सोबत्याकडं.

दुसरी, हातातली पिशवी. बर्थवर उशाशी राहील, झोपतानाही हाताला लागेल अशी. त्यात एका दिवसरात्रीत जे लागणार ते सगळं: गोळ्या, एक वेळचा डबा, गूळ किंवा साखरेची पुडी, पाण्याची बाटली, चष्मा, कानटोपी, शाल, एक टॉवेल, साबणाचा तुकडा, चार्जर. मनमाडहून काशी म्हणजे साधारण एक दिवसरात्रीचा प्रवास. हिवाळ्यात उत्तरेत धुक्यामुळं गाड्या तासन् तास उशिरा धावतात. म्हणून हातातल्या पिशवीत नेहमी एक जेवण जास्तीचं ठेवा.

तिसरी, मोठी बॅग. मुक्कामाला पोहोचेपर्यंत उघडायची नाही, तेच सामान यात. गाडीत ही बॅग उघडावी लागली तर समजायचं, भरण्यात चूक झाली.

औषधांचं वेगळं

गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत ओतू नका. पाकिटावर नाव आणि मुदत असते. परगावच्या मेडिकलवाल्याला नुसती पांढरी गोळी दाखवून काही कळत नाही. ज्या दिवसांची यात्रा त्यापेक्षा चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या. दहा दिवसांसाठी चौदा दिवसांच्या. त्यातल्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्या सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे एक पिशवी गेली तरी अडणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये काढून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्याच पिशवीत ठेवावं. खिडकीतल्या उन्हात नको आणि थेट बर्फालाही लावू नये. किती दिवस बाहेर चालतं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघा.

ताप, जुलाब, डोकेदुखी यांच्या गोळ्या, ओआरएसच्या चार पुड्या आणि पट्टी-मलम पूर्ण गटात एकाकडं असलं तरी पुरतं. कुणाकडं आहे ते मात्र सगळ्यांना माहीत पाहिजे.

कपडे किती घ्यायचे

दहा दिवसांना दहा जोड लागत नाहीत. अंगावर एक आणि बॅगेत तीन, बास झाले. एक धुतलेला वाळतो, एक अंगावर, दोन कोरडे. पण हिवाळ्यात काशीला आपल्यासारखं ऊन नसतं. धुकं असलं की कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. जाड सुती लुगडं वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेतं, म्हणून शक्य असेल तर त्यात एक-दोन पातळ साड्या घ्या. आई आधी नाही म्हणाली, पण काशीत ओलं लुगडं दोन दिवस खांद्यावर वागवल्यावर तिलाही पटलं.

थंडीचा अंदाज आपल्याकडचे लोक चुकवतात. जानेवारीत काशी-प्रयागला रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. स्वेटर, कानटोपी, मोजे, शाल हे पाहिजेच. मात्र जाड स्वेटर बॅगेत घालू नका, अंगावर घालून निघा. बॅगेची निम्मी जागा तिथंच वाचते. मनमाडच्या फलाटावर पहाटे थंडी असतेच, वाया जात नाही.

गंगेत स्नान करायचं असेल तर त्याचा जोड वेगळा बांधा: एक साडी किंवा धोतर, टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. खताची किंवा औषधाची रिकामी गोणी कितीही धुतली तरी कपडे आणि खाणं त्यात ठेवू नका.

मोठी बॅग भरायची कशी

आपण ट्रॉलीत कांद्याच्या गोण्या भरतो तेव्हा वजन एका बाजूला जाऊ देत नाही. बॅगेचंही तसंच आहे. चाकाची बॅग असेल तर ती उभी केल्यावर जो भाग चाकाकडं येतो तिथं जड वस्तू ठेवा: पितळेचा तांब्या, पोथी, चपलांचा जोड. वर जड आणि खाली हलकं भरलं की बॅग ओढताना पालथी होते. पाठीवरची सॅक असेल तर जड वस्तू पाठीला लागून ठेवा, बाहेरच्या बाजूला नको, नाहीतर ती माणसाला मागं ओढते.

कपड्यांच्या घड्या थरावर थर लावण्यापेक्षा गुंडाळी करा, वळकटीसारखी. एका दिवसाचा पूर्ण जोड एकाच गुंडाळीत घ्या: आत आतले कपडे, वरून साडी-पोलकं किंवा सदरा-पायजमा. गुंडाळीला दोरी बांधा. म्हणजे रोज एकच गुंडाळी बाहेर काढायची, बाकीचं सामान उचकटायची गरज नाही. धर्मशाळेत एका खोलीत सहा-सात जण असतात, सगळ्यांच्या बॅगा एकदम उघडल्या की कुणाचं काय ते कळत नाही.

चपलेच्या आत, तांब्याच्या आत, कोपऱ्यात रिकामी जागा असते. तिथं मोजे, रुमाल, तुळशीची माळ, उदबत्तीचा पुडा बसतो. तेलाच्या बाटलीचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा लावा, वर झाकण फिरवा, मग पिशवीत गुंडाळा. एक तेलाची बाटली फुटली की सगळी बॅग गेलीच म्हणायची.

चाकाच्या बॅगेबद्दल एक. फलाटावर ती बरी वाटते. पण रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या, काशीच्या घाटाच्या पायऱ्या आणि गोदौलियाच्या पुढच्या अरुंद गल्ल्या, इथं चाक काही कामाचं नाही. गल्लीत रिक्षा जात नाही, बॅग हातातच घ्यावी लागते. तरण्या माणसांनी सॅक घ्यावी आणि म्हाताऱ्यांची लहान बॅग गरज पडेल तेव्हा उचलावी.

खाणं कोणतं

पहिल्या दिवसाला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम. दुधात भिजवलेल्या दशम्या मऊ राहतात. बाजरीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, म्हाताऱ्यांना चावत नाही. वरण, रस्सा, दही नको. त्यानंतर शंकरपाळे, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, गूळ. काशी-प्रयागला पोळी-भाजी सगळीकडं मिळते, आठ दिवसांचं पीठ-मीठ वागवायची गरज नाही. आमच्या गटातल्या एका काकूंनी पाच किलो बाजरीचं पीठ नेलं आणि तसंच्या तसं परत आणलं.

हे अजिबात नेऊ नका

काही गटांना सोबत स्वयंपाकाचं सामान न्यायची सवय असते. छोटा गॅस सिलिंडर, रॉकेलचा स्टोव्ह, पेट्रोल, फटाके असं पेट घेणारं काहीही रेल्वेच्या डब्यात न्यायला बंदी आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 164 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेपेक्षा मोठी भीती आगीची. 26 ऑगस्ट 2023 ला तमिळनाडूत मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला पहाटे आग लागून 9 जणांचा जीव गेला. ते उत्तर प्रदेशातून दक्षिणेच्या यात्रेला आलेले भाविक होते. डब्यात बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरवर चहा-स्वयंपाक चालू होता, असं रेल्वेनं सांगितलं. आपल्या गटात कुणी "लहान टाकी आहे, काय होतंय" म्हणालं तर त्याला ही घटना सांगा.

दागिनेही घरी ठेवा. पोत, पाटल्या घालून गर्दीत जायचं आणि दर्शन सोडून गळ्याला हात लावत बसायचं, याला अर्थ नाही.

मंदिरात जाताना

काशी विश्वनाथ आणि अयोध्येच्या राम मंदिरात मोबाईल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत. लॉकर असतात, पण गर्दीच्या दिवशी तिथंही रांग लागते. म्हणून एक लहान कापडी बटवा वेगळा ठेवा, त्यात त्या वेळची गोळी, गुळाचा खडा आणि सुट्टे पैसे. बाकी सगळं मुक्कामावर. रांग दोन-तीन तास चालू शकते, आणि साखर असलेल्या माणसाची पंचाईत तिथंच होते. रांगेत लागण्याआधी खाऊन घ्या.

परतीला जागा ठेवा

जाताना बॅग तीन हिस्से भरा, चौथा रिकामा ठेवा. येताना गंगाजल येतं, प्रसाद येतो, नातवांना खेळणी येतात. जागा नसली की हातात चार पिशव्या वाढतात आणि त्यातलीच एक गाडीत राहते. गंगाजलाच्या डबीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करून ती प्लास्टिकमध्ये बांधा आणि उभी ठेवा. ओले-मळके कपडे वेगळ्या पिशवीत, प्रसादाच्या जवळ नको.

निघायच्या आदल्या दिवशी

बॅग भरून झाली की ज्याची बॅग त्यानं ती उचलून मारुतीच्या पारापर्यंत जाऊन यावं. वाटेत दोनदा खाली ठेवावी लागली तर परत खाटेवर मांडा आणि कमी करा. आमच्या आईनं दुसऱ्या खेपेला असं केलं आणि आपण होऊन दोन लुगडी आणि पितळी डबा बाहेर काढला.

बॅगेच्या आत आणि बाहेर मोबाईल नंबर लिहा. मुठीला रंगीत चिंधी बांधा, कारण निळ्या-काळ्या बॅगा सगळ्या सारख्याच दिसतात. बॅगेचा एक फोटो फोनमध्ये काढा, हरवली तर दाखवता येतो. गाडीत खालच्या बर्थखाली सामान बांधायला कडी असते, साखळी-कुलूप जरूर लावा. पण किल्ली ज्याच्या बर्थखाली बॅग आहे त्याच्याच गळ्यात, आणि दुसरी किल्ली त्याच डब्यातल्या दुसऱ्या माणसाकडं.

गेल्या वर्षी आईला परत अयोध्येला नेलं. गाडी पुन्हा धुक्यात अडकली, पाच तास. साडेसात वाजले तशी तिनं उशाची पिशवी ओढली, आधी दशमीचा डबा काढला, मग गोळी घेतली. समोर एक सोलापूरकडची आजी बसली होती. तिचा डबा कुठं आहे ते आईनंच विचारलं. मोठ्या बॅगेत आहे म्हटल्यावर आईनं आपल्यातली एक दशमी आणि गूळ तिच्या हातावर ठेवला.

तुमच्या गावातून यंदा कुणी निघत असेल तर ही माहिती त्यांच्या ग्रुपवर टाका. आणि ज्या घरात म्हातारं माणूस निघालंय, तिथं बॅग भरताना जवळ बसा. यात्रा सुखरूप होवो.